रेडिओ चालू होता

९ जानेवारी

धाकट्या,

मायना काय लिहावा यात दोन कागद वाया गेले. ‘प्रिय’ लिहिलं तर तुला खोटं वाटेल आणि ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं तर मलाच हसू येईल, म्हणून नुसतं धाकट्या. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, तेव्हा हे तुझ्या जहाज कंपनीच्या पत्त्यावर टाकते आहे. ज्या बंदरात हातात पडेल तिथे पडेल. तीन वर्षांनी लिहिते आहे ती भांडायला नाही. आईची तक्रार करायला.

आईने माझ्या नाकी नऊ आणले आहेत. तब्येतीने नव्हे, तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. ती ‘एकोणीस’ नावाची मालिका बघते. एक फेरीबोट बुडते, त्यातली एकोणीस माणसं एका ओसाड बेटावर लागतात, आणि मग शंभर भाग झाले तरी त्यांना तिथून निघता येत नाही. बेटावर एक विहीर आहे, तिचं पाणी सकाळी गोड असतं आणि संध्याकाळी खारट. का, ते कुणी सांगत नाही. टेकडीवर एक घर आहे, त्यात रोज कुणीतरी झाडलेलं असतं. कोण झाडतं, तेही कुणी सांगत नाही. मला विचारशील तर लिहिणाऱ्यालाच माहीत नाही.

नुसती बघितली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण या मालिकेचे भक्त आहेत. त्यांचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथे दिवसभर तर्क चालतात. तिथे आई ‘दुर्बीण’ या नावाने लिहिते. आणि त्यातले जे याच शहरात राहतात ते दर शनिवारी संध्याकाळी आपल्या घरी भाग बघायला जमतात. आपल्या घरी! कारण आपला टीव्ही मोठा आहे, आणि तो मी घेऊन दिला आहे, म्हणजे हे सगळं माझ्याच कर्माचं फळ.

नऊ-दहा जण असतात. त्यात एक दाताचे डॉक्टर आहेत, ते दर दोन मिनिटांनी चित्र थांबवून मागच्या झाडांची पानं मोजतात. कोर्टात लघुलेखिका होत्या अशा एक निवृत्त बाई आहेत, त्या प्रत्येक भाग शब्दन् शब्द उतरवून घेतात आणि वाद झाला की वही उघडून साक्ष काढतात. खालून दुकानातला माझा फळा वर गेला आहे. त्यावर एकोणीस माणसांची नावं आणि त्यांच्यामधून फिरणारे बाण. सोमवारी मी दुकान बंद ठेवते, तर मंगळवारी उघडताना लक्षात येतं की अक्षरांचा तक्ता लावायचा खिळासुद्धा त्यांनी काढून नेला आहे.

चष्म्याचं दुकान मी एकटी बघते, घर मी बघते, आईच्या गोळ्या मी बघते. त्यात आता सतरा कप आणि पायपुसण्यावरची चिखलाची नक्षी. तू दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिला फोन करतोस. तेव्हा एवढंच सांग, की आई, हे जरा आवर. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल, तू लांब आहेस.

बाबांच्या वेळचं मी पुन्हा उकरून काढत नाही. तेव्हाही सांगितलं, आताही सांगते, बाबांनीच बजावलं होतं तुला कळवू नका म्हणून. तेवढं पटवून घे, म्हणजे झालं.

ताई


२ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राला उत्तर नाही. काल तुझा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून घड्याळ बघत होते. एक मिनिट पन्नास सेकंद. जेवलास का, हो. गोळ्या घेतेस का, हो. ठेवतो. मालिकेचा विषयच नाही. माझं पत्र पोचलं नाही की पोचूनही तू तोंडात मूग गिळून बसलास, देव जाणे.

इथे प्रकरण वाढलं आहे. आईने एक तर्क मांडला आहे आणि त्यावरून गटात उभी फूट पडली आहे. मालिकेत एक नर्स आहे. सगळ्यांची लाडकी. जखमा बांधते, म्हातारीला पाणी पाजते, रडणाऱ्याच्या शेजारी बसते. आईचं म्हणणं, बोटीतला रेडिओ पहिल्याच दिवशी या नर्सला सापडला, तो चालू होता, आणि तिने तो लपवून ठेवला.

यावर लोक असे चिडले जसं आईने त्यांच्या घरच्या माणसावर चोरीचा आळ घेतला. दाताचे डॉक्टर तर मंगळवारी भर दुपारी दुकानात आले. मला वाटलं नंबर काढायला. ते म्हणाले, तुमच्या आईंना समजवा, असल्या तर्काने मालिकेवरची श्रद्धा उडते. समोर गिऱ्हाईक ट्रायल फ्रेम घालून बसलेलं, मी हातात भिंग धरून उभी, आणि हे गृहस्थ मला नर्सचं चारित्र्य सांगतायत. मी म्हटलं, डॉक्टर, ती बाई खोटी आहे, तिला तिचे पैसे मिळतात, संध्याकाळी ती आपल्या घरी जाते. ते दुखावून निघून गेले.

गटात ‘तळमजला’ नावाचा कुणी आहे. आई सांगत होती की तर्क पटलेला तेवढा एकच. पण तो नर्सवर फार कडक आहे. आई म्हणते तिच्याकडे काही कारण असेल, तो म्हणतो कारण गेलं चुलीत. दोघांची रोज जुंपते. आई पहाटे उठून त्याचं उत्तर आलं का बघते.

परवा जेवताना तिने मलाच विचारलं, नर्सचं तुला काय वाटतं? मी म्हटलं मला काही वाटत नाही, मला कामं आहेत. ताट उचलून उठले. त्या दिवशी दुकानात एका शिक्षकाच्या चष्म्याला उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे बसवली. बिचारा जिना उतरताना धडपडला. अठरा वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. यालाही ती मालिकाच कारण.

तू आईशी बोल. एक मिनिट पन्नास सेकंदांत बसवता येईल असं वाक्य शोध.

ताई


२७ फेब्रुवारी

तळमजला यांस,

हो, कळलं मला.

आईच्या टॅबलेटवर अक्षरं बारीक दिसायला लागली म्हणून तिने तो माझ्याकडे दिला. मोठी करता करता नजर गेली. तू त्या दाताच्या डॉक्टरांना लिहिलं होतंस, ‘हे म्हणजे कपाळावर चष्मा आणि गावभर तपास.’ ही म्हण कुठल्या पुस्तकात नाही. ती बाबांनी केली, या दुकानात केली, आणि ती वापरणारी माणसं जगात चार होती, आता तीन आहेत.

मग मी मागे मागे वाचत गेले. वाचायला नको होतं, पण वाचलं. चार महिन्यांचं. तू आईला लिहिलं आहेस की इंजिनाच्या खोलीत कानावर रबरी टोप्या घालून आठ तास उभं राहिलं की बाहेर आल्यावर माणसांचे आवाज पातळ लागतात. बेटावरच्या त्या मुक्या सुताराबद्दल बोलता बोलता लिहिलं आहेस की तू हल्ली सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाहीस, ताटली घेऊन खोलीत जातोस. समुद्राच्या पाण्याचं पिण्याचं पाणी कसं करतात हे तिला आकृती काढून समजावलं आहेस, का तर विहिरीचं कोडं सुटावं म्हणून. मला आठवतं त्याप्रमाणे लहानपणी तू तिला शाळेत काय झालं हेही सांगायचा नाहीस.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? इथे मी तिच्या गोळ्या मोजते आणि ती तास तास तुझ्याशी एका नसलेल्या बेटावर गप्पा मारते.

मी टॅबलेट घेऊन तिच्यापुढे गेले.

‘हा कोण आहे, माहीत आहे तुला?’

‘तळमजला.’

‘आई, हा धाकटा आहे.’

‘मग?’ ती म्हणाली आणि भेंडी चिरत राहिली.

कधीपासून माहीत आहे विचारलं, तर म्हणे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. जन्मल्यापासून ज्याची कुरकुर ऐकली त्याची लिहिलेली कुरकुर ओळखू येणार नाही का? मी म्हटलं, मग त्याला सांगत का नाहीस?

‘सांगितलं तर तो फोनवर बोलतो तसं बोलायला लागेल.’

आता तू सांग. दुर्बीण म्हणजे आई, हे तुला माहीत आहे की नाही? माझा अंदाज, आहे. या गटाचं नाव फोनवर तिनेच कधीतरी तुला सांगितलं असणार, नाहीतर जहाजाच्या पोटात बसून तुला हे कुठून सुचायला? म्हणजे तिला माहीत आहे की हा तू, तुला माहीत आहे की ही ती, आणि दोघं टोपणनावं घेऊन रेडिओवर भांडताय. धन्य आहे. आणि वेडी कोण, तर दोन कप जास्त धुवावे लागले म्हणून कुरकुरणारी मी.

नर्सबद्दलचं तुझं वाक्यही वाचलं. ‘दुसऱ्याला कळवायचं की नाही हे ठरवायचा अधिकार हिला कुणी दिला?’ त्याला बावन्न जणांनी टाळ्या दिल्या आहेत. ते नर्ससाठी नव्हतं, एवढं मला कळतं. समोर येऊन बोलायची हिंमत नाही म्हणून असं आडून.

बाबांनीच सांगितलं होतं. किती वेळा सांगू?

ताई


२२ मार्च

धाकट्या,

हे पत्र सावकाश वाच. जहाज लागलेलं असेल आणि कामावर नसशील तेव्हाच उघड.

काल शनिवार होता. घरात अकरा माणसं. कालच्या भागात नर्सच्या पिशवीतून रेडिओ निघाला. आईचा तर्क खरा ठरला. मग दाताचे डॉक्टर उठले, आईपुढे हात जोडले आणि खाली बसले. लघुलेखिका बाईंच्या वहीवर टपटप पाणी पडत होतं. आणि मग सगळे नर्सवर तुटून पडले. तिला विहिरीत ढकला, तिला किनाऱ्यावर बांधा. मालिकेत ती एवढंच म्हणाली होती की बॅटरी थोडी होती, मला वाटलं जहाज जवळून जाताना दिसेल तेव्हाच लावू. जहाज दिसेपर्यंत बॅटरी संपली.

आई म्हणाली, ‘तिला वाटलं असेल, अजून वेळ आहे.’

डॉक्टर म्हणाले, मग निदान नंतर तरी कबूल करायचं. तीनशे दिवस त्यांच्याच ताटात जेवली.

मी दारात ट्रे घेऊन उभी होते. खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं. ट्रे तिथेच कपाटावर ठेवला आणि खाली दुकानात जाऊन बसले. सगळे गेल्याचा जिन्यावर आवाज आला तेव्हा वर आले. आई फळा पुसत होती. तिला मी सांगितलं, ते आता तुला सांगते.

बाबांनी मला काही बजावलं नव्हतं.

त्यांना सोमवारी दवाखान्यात ठेवलं. मंगळवारी दुपारी त्यांनी तोंडावरची नळी बाजूला करून विचारलं, धाकटा कुठे आहे? मी म्हटलं, समुद्रात. तू समुद्रात नव्हतास. तुझं वेळापत्रक दुकानात काउंटरच्या मागे चिकटवलेलं होतं आणि मला पाठ होतं. मंगळवार, बुधवार तुझं जहाज बंदरात होतं, विमानाने चार तासांवर. बुधवारी संध्याकाळी ते निघालं. शनिवारी बाबा गेले. तुला कळवलं तेव्हा तुझ्या चारी बाजूंना पाणी होतं आणि पुढचं बंदर अकरा दिवसांवर.

का नाही कळवलं, याची कारणं मी तीन वर्षांत पुष्कळ जमवली आहेत. डॉक्टर म्हणाले होते छातीत कफ आहे, चार दिवसांत घरी जातील. आईच्या ऑपरेशनला तू अर्धं काम टाकून आलास आणि ते साधंच निघालं, तेव्हा कंपनीने तुला पाच महिने बसवून ठेवलं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मंगळवारी दुपारी यातलं एकही माझ्या मनात नव्हतं.

मनात हे होतं. पंधरा वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी राहून काचा घासल्या. गिऱ्हाईकाशी बोलताना ते म्हणायचे, मुलगा जहाजावर आहे, तो आला की दुकान वाढवू. मी तिथेच असायची, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. त्या आठवड्यात पहिल्यांदा ते माझा हात धरून झोपत होते. तू आला असतास तर ते तुझ्याकडे बघत राहिले असते. मला वाटलं चार दिवस. फक्त चार दिवस माझे असू देत, मग घरी आल्यावर तुला सांगू. वेळ आहे.

वेळ नव्हता.

मग तू आलास, दारात उभा राहून विचारलंस, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की बाबांनीच सांगितलं होतं. खोटं एकदा बोललं की त्याला रोज खाऊ घालावं लागतं. तू म्हणालास बाबा असं म्हणणं शक्य नाही, मी म्हटलं तुला समुद्रावर जा म्हणून कुणी सांगितलं होतं. पुढचं तुला माहीत आहे.

हे सगळं आईला सांगून झालं. मला वाटलं ती रडेल, किंवा मला घराबाहेर काढेल. तिने फडकं झटकलं आणि म्हणाली, ‘मला माहीत आहे. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला मीच बसले होते.’

मला ते कधी आठवलंच नव्हतं. ती तिथे होती. तिने प्रश्न ऐकला, माझं उत्तर ऐकलं.

‘मग तू का नाही बोललीस?’

‘मलाही वाटलं, वेळ आहे,’ ती म्हणाली. ‘आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघून बोलवेना.’

नंतर आम्ही दोघी बराच वेळ त्या अर्धवट पुसलेल्या फळ्यासमोर बसलो. ती म्हणाली, नर्सची बाजू मी कुणासाठी घेत होते ते तुला वाटतं तेवढं सोपं नाही, त्यात मी पण आहे. मग म्हणाली, त्याला लिही. मी म्हटलं तोंडाने सांगते, त्याला माझा नंबर उघडायला सांग. तर म्हणे नको, लिही, तू बोलायला लागलीस की भांडायला लागतेस.

तेव्हा लिहिलं. क्षमा कर असं लिहायला हात धजत नाही. तुला माहीत असावं, एवढंच.

तुझी ताई


२० एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. सोळा ओळी. त्यातल्या चौदा मालिकेवर आणि दोन माझ्यावर. मी तीन वर्षांचं पोटातलं काढून तुझ्यापुढे ठेवते आणि तू मला भरती-ओहोटीने गोडं पाणी कसं वर ढकललं जातं ते समजावतोस. तुला काय म्हणावं?

तरी ते पत्र मी दुकानात तीनदा वाचलं आणि एका गिऱ्हाईकाला उभं ठेवलं.

तुला कळलंच असेल, मालिका बंद झाली. शेवट न करताच. वाहिनीने एका संध्याकाळी जाहीर केलं की पुढच्या शनिवारपासून या वेळी स्वयंपाकाची स्पर्धा. टेकडीवरचं घर कोण झाडत होतं हे आता ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मला वाटलं सुटलो. कसलं काय. मंडळी शनिवारी हजर. लघुलेखिका बाईंनी वाहिनीला सात पानी निषेध लिहिला आहे, आणि आता शेवट काय असावा यावर मतदान घ्यायचं ठरलं आहे. चार शेवट निवडणुकीला उभे आहेत. दाताचे डॉक्टर प्रचार करतायत, रुग्णाच्या तोंडात हात असताना सुद्धा. मलाही मत आहे म्हणे, कारण घर माझं. नर्सला बेटावरच ठेवायचं की परत न्यायचं, हा मुख्य मुद्दा आहे. मी अजून ठरवलेलं नाही.

आईने पाच तारखेला तुला फोन केला, आणि तो टोपणनाव सोडून केला, हे मला तिनेच सांगितलं. मी खाली होते. एक्कावन्न मिनिटं. ती तिच्या वाटणीचं तुला सांगून मोकळी झाली, असं दिसतं. खाली आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला? ती म्हणाली, मधे बराच वेळ काही म्हणालाच नाही, रडत होता की रेंज गेली होती ते समजलं नाही. मग तुम्ही दोघं म्हणे अर्धा तास त्या मुक्या सुताराबद्दल बोललात. मी कपाळावर हात मारला. पण ती त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवली.

आता तुझ्या त्या दोन ओळी. ‘राग गेलेला नाही, जाईल की नाही माहीत नाही. मे महिन्यात उतरतो आहे, कुठे जायचं ठरवलेलं नाही.’

ठरवायचं काय त्यात? राग गेला की येईन म्हणशील तर मी तुला सांगते, माझा स्वतःवरचा अजून गेलेला नाही आणि तरी मी रोज सकाळी नऊला शटर वर करते. रागावलेला असशील तर रागावलेलाच ये. दुकानावरची मागची खोली रिकामी आहे. तिथे दार लावून ताटली घेऊन जेवलास तरी चालेल, मी दार वाजवणार नाही. आई वाजवेल, तिला मी थांबवू शकत नाही.

आणि एक. आई म्हणत होती की तुला जवळचं वाचताना डोकं दुखतं आणि तू जहाजावर कुणाचा तरी जुना चष्मा लावून काम भागवतोस. चष्मेवाल्याच्या घरात जन्मून हे दिवे लावलेस? आलास की पहिल्या सोमवारी खाली ये. दुकान बंद असतं, कुणी नसेल. नंबर मी काढीन. त्याला वीस मिनिटं माझ्यासमोर हातभर अंतरावर बसावं लागेल आणि मी काच बदलेन तेव्हा सरळ बघावं लागेल. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. ही बरी की आधीची, एवढं फक्त सांगायचं.

ताई